रायफल नेम सोडते तेव्हा

शंभर यार्डांवरचा कागद. गेल्या हंगामात या रायफलीने पाडलेली तीन भोकं पाव डॉलरच्या नाण्याखाली झाकली जात होती. यंदा रायफल तीच, काडतुसंही त्याच पेटीतली, आणि भोकं मात्र चार इंचांत विखुरलेली. अशा वेळी हात आपोआप स्कोपच्या, म्हणजे रायफलीवरच्या दुर्बिणीच्या, टरेटकडे, नेम सरकवणाऱ्या चकतीकडे जातो. दोन क्लिक डावीकडे, चार क्लिक वर, पुन्हा तीन गोळ्या, पुन्हा क्लिक. पेटी संपते आणि कागदाकडे पाहून काहीच उमगत नाही.

अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये हरणांचा नऊ दिवसांचा बंदुकीचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारच्या सणाच्या, आधीच्या शनिवारी सुरू होतो. त्याआधीच्या दिवसांत तिथल्या रेंजवर हे दृश्य नवं नसतं. बहुतेकांकडे बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल असते, दर गोळीला हाताने बोल्ट मागेपुढे करायची, .३०८ विंचेस्टर किंवा .२४३ वगैरे काडतुसांची, वर तीन ते नऊ पटीचा स्कोप. वर्षभर कपाटात उभी, महिनाभर रानात. हे लिहिताना तीच रायफल डोळ्यांसमोर आहे.

सुरुवातीलाच दोन दुखणी वेगळी ओळखायला हवीत. भोकं एकमेकांजवळ आहेत, पण सगळा ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, मध्यापासून सरकलाय, हे एक. ग्रुपच फुटलाय, हे दुसरं. टरेट पहिल्यावरचं औषध आहे, दुसऱ्यावर त्याचा काडीचाही उपयोग नाही. कॉलेजात एनसीसीचं फायरिंग केलेल्यांना ग्रुपिंग हा शब्द नवा नाही. तिथेही आधी गोळ्या एका जागी पडतात का ते पाहतात, मग ती जागा मध्यावर आणायची. घाईत हा क्रम उलटतो आणि पुढचा सगळा तपास भरकटतो.

मग किती नेम पुरे? नेमबाज हे मिनिट ऑफ अँगलमध्ये मोजतात. एका अंशाचा साठावा भाग, १०० यार्डांवर १.०४७ इंच, व्यवहारात एक इंच. पांढऱ्या शेपटीच्या हरणाचं हृदय आणि फुप्फुसं मिळून आठ-दहा इंचांचा गोल होतो. दोन मिनिटांची रायफल, म्हणजे १०० यार्डांवर दोन इंचांत गोळ्या टाकणारी, २०० यार्डांवर चार इंचांत टाकते. माणसाची थरथर, वारा आणि अंतराचा चुकलेला अंदाज सामावायला मग जागा उरते. चार मिनिटांची रायफल त्याच अंतरावर आठ इंच एकटीच खाते. चुकीला जागाच राहत नाही, आणि त्या चुकीचं मोल हरीण मोजतं. पोटात गोळी घेऊन ते झाडीत शिरतं आणि तासन्‌तास मरत राहतं. शिकार करायची की नाही, यावर मतभेद असू शकतात. करणाऱ्याने ती एका गोळीत आणि नीट करावी, याबद्दल दुमत असू नये. रायफल दुरुस्त होईपर्यंत अंतर कमी करायचं, शंभर यार्डांच्या आतच गोळी झाडायची, हा पहिला आणि फुकटचा उपाय.

आता मोजणीकडे. तीन गोळ्यांचा एक ग्रुप फारसं काही सांगत नाही. ज्या रायफलीचे तीन गोळ्यांचे ग्रुप सरासरी एक इंचाचे येतात, तिचेच पाच गोळ्यांचे सव्वा इंचाचे येतात आणि दहा गोळ्यांचे दीड इंचाच्याही वर जातात. रायफल बिघडलेली नसते, यादृच्छिक विखुरणीचं गणितच तसं आहे. म्हणून ‘गेल्या वर्षी एक इंच, यंदा दोन’ हे प्रत्येकी एकेका ग्रुपवरून म्हणणं खरं तर काहीच म्हणणं नाही. एकाच लॉटच्या, म्हणजे कारखान्यातल्या एकाच खेपेच्या, काडतुसांनी पाच गोळ्यांचे तीन ग्रुप घ्यावेत, दर ग्रुपनंतर नळी हाताला गार लागेपर्यंत थांबावं, आणि प्रत्येक भोकाला क्रमांक द्यावा. कितवी गोळी कुठे पडली, हे कळलं की निम्मा तपास झाला.

रायफल टेकवायची कशी, हेही आताच पाहून घ्यावं. पुढची वाळूची पिशवी मॅगझिनच्या पुढे, फोरएन्डच्या, म्हणजे नळीखालच्या हाताने धरायच्या भागाच्या, मध्याखाली. मागची पिशवी खांद्याला टेकणाऱ्या दस्त्याच्या खालच्या कोपऱ्याखाली. नळी कशालाही टेकता कामा नये. टेबलाच्या लाकडावर नुसता फोरएन्ड ठेवला, तर कडक आधारावरून रायफल उसळते आणि गोळी वेगळ्या जागी जाते. पट्ट्याची खुंटी पिशवीला अडकत असेल, तर धक्क्याबरोबर पिशवी पुढचं टोक ओढते. या साध्या गोष्टी दुरुस्त केल्यावर कितीतरी ‘बिघडलेल्या’ रायफली सुधारतात. तरीही शंका राहिली, तर खात्रीच्या नेमबाजाकडून पाच गोळ्या झाडून घ्याव्यात. शिवाय सोबत्याला मॅगझिनमध्ये अधूनमधून डमी काडतूस भरायला सांगावं, कुठलं ते आपल्याला न सांगता. डमीवर चाप ओढताना नळीचं टोक खाली गोता खात असेल, तर दोष धक्क्याला घाबरणाऱ्या खांद्याचा आहे, आणि त्याचं औषध रिकाम्या रायफलीवर चाप ओढण्याचा रोजचा सराव हेच.

हे सगळं करूनही भोकं विखुरलेलीच राहिली, तर मग अवजारं काढायची. त्याआधी मॅगझिन रिकामं, बोल्ट बाहेर, आणि नळीतून उजेड आरपार दिसला पाहिजे. यात सूट नाही.

पहिले स्क्रू. रायफलीचा प्रत्येक धक्का त्यांना थोडाथोडा सैल करत असतो. स्कोप धरणाऱ्या रिंगा सहज हाती येतात म्हणून लोक त्या आवळतात आणि थांबतात. खरा चोर बहुधा त्याखाली दडलेला असतो. रिसीव्हरवर, म्हणजे नळीमागच्या बोल्ट बसतो त्या धातूच्या भागावर, बसवलेल्या बेसचे, स्कोपच्या बैठकीचे, चिमुकले स्क्रू स्कोप उतरवल्याशिवाय दिसतच नाहीत. ते तेलात बसवलेले असतील तर सैल पडणारच. काढून, तेल पुसून, काढता येईल अशा थ्रेडलॉकरचा, स्क्रू जागीच धरणाऱ्या द्रवाचा, एक थेंब देऊन पुन्हा बसवावेत. रिंगांच्या स्क्रूंना साधारण १५ ते १८ इंच-पाउंड, म्हणजे जेमतेम दोन न्यूटन-मीटर टॉर्क, आवळण्याचा जोर, पुरतो. याहून जास्त आवळलं की स्कोपची नळी चेपते आणि आतली यंत्रणा अडकते. हाताच्या अंदाजावर इथे विसंबू नये. टॉर्क रेंचचा खर्च काडतुसांच्या दोन-तीन पेट्यांत भरून निघतो.

मग रिसीव्हर स्टॉकला, म्हणजे रायफलीच्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या सांगाड्याला, धरून ठेवणारे अ‍ॅक्शन स्क्रू. नुसत्या लाकडी स्टॉकसाठी ४० इंच-पाउंडांच्या आसपास, अ‍ॅल्युमिनियमचे खांब किंवा ब्लॉक असलेल्या स्टॉकसाठी ६५ पर्यंत. उत्पादकाचा आकडा वेगळा असेल तर तोच खरा. रायफल दस्त्यावर उभी धरून, रिकॉइल लग, म्हणजे रिसीव्हरखालचा धक्का पेलणारा ठोकळा, मागच्या खोबणीला टेकल्याची खात्री करून, आधी पुढचा स्क्रू आणि मग मागचा. एक बारीक खोडी इथे सापडते. मॅगझिनचा पत्र्याचा डबा रिसीव्हर आणि खालची पट्टी यांच्यात दाबून बसला असेल, तर स्क्रू घट्ट लागतो खरा, पण त्याची सगळी ताकद डब्यावर खर्च होते आणि रिसीव्हर लाकडावर नीट बसतच नाही. स्क्रू आवळल्यावरही डबा बोटाने किंचित हलला पाहिजे.

स्क्रू आवळून पुन्हा पाच गोळ्या. एका वेळी एकच बदल, मग कागद. सगळं एकदम केलं आणि ग्रुप सुधारला, तरी दुखणं कुठलं होतं ते कळत नाही, आणि पुढच्या वर्षी ते परतलं की तपास पहिल्यापासून.

लाकडाच्या स्टॉकचं दुखणं मला सगळ्यांत जास्त विचार करण्यासारखं वाटतं, कारण ते हवामानाबरोबर येतं आणि जातं. अक्रोडाचं लाकूड दमटपणा ओढून घेतं, फुगतं, वाकतं. बाहेरून पॉलिश चकचकीत असतं, पण नळीच्या खाचेच्या आत आणि दस्त्याच्या पट्टीखाली लाकूड बरेचदा उघडंच सोडलेलं असतं. उन्हाळ्यात नळीपासून सुटा असलेला फोरएन्ड पावसाळी शरदात नळीला एका बाजूने खेटतो. गोळी सुटताना नळी चाबकासारखी थरथरते. ती थरथर दर वेळी सारखी असेल तर गोळ्या एका जागी जातात. लाकूड मध्येच टेकलं की थरथर बिघडते. तापलेली नळी लाकडावर रेलली की गोळ्या एका दिशेने चालू लागतात: पहिली मध्यावर, दुसरी इंचभर वर, तिसरी आणखी वर. भोकांना क्रमांक दिलेले असतील, तर ही पायवाट कागदावर स्पष्ट दिसते.

तपासायला एक कोरी नोट पुरते. नोट नळीखालून गुंडाळून दोन्ही टोकं धरायची आणि फोरएन्डच्या टोकापासून रिसीव्हरकडे सरकवत न्यायची. सुटी नळी असेल तर नोट रिसीव्हरजवळ येईपर्यंत अलगद जाते. जिथे अडखळते, तिथे पेन्सिलने खूण. पुष्कळदा ती एकाच अंगाला अडते, दुसऱ्या अंगाला सहज जाते. मग रिसीव्हर काढून खाचेत पाहिलं की त्या खुणेपाशी लाकूड घासून गुळगुळीत झालेलं आढळतं, नखाएवढा एक डाग. खाच खरवडून तो डाग घालवावा आणि लगेच आतल्या लाकडाला सीलरचे दोन-तीन हात द्यावेत. सील न करता नुसतं खरवडलं तर पुढच्या पावसाळ्यात लाकूड तिथे परत येतं.

मात्र रेती कागद हातात घेण्याआधी एक थांबा. काही रायफलींच्या फोरएन्डच्या टोकाशी नळीखाली मुद्दाम उंचवटा ठेवलेला असतो. पातळ नळीला वरच्या दिशेने हलका दाब मिळून तिची थरथर आवरावी, हा त्यामागचा हेतू. जुन्या ली-एन्फिल्ड नंबर ४ लष्करी रायफलीत तर टोकाशी असा दाब असणं ही रचनेचीच अट आहे, तिची नळी सुटी केली तर नेम बिघडतो. उंचवटा एकदा घासला की परत येत नाही. म्हणून आधी तात्पुरती परीक्षा घ्यावी: रिसीव्हरच्या खाली, स्क्रूच्या आजूबाजूला पोस्टकार्डाच्या पातळ पट्ट्या घालून नळी सगळीकडून सुटी होईल इतकी उचलावी, आणि पाच-पाच गोळ्यांचे दोन ग्रुप घ्यावेत. सुधारणा दिसली तरच घासावं. उलटीही परीक्षा असते. नळी सुटीच असेल, तर टोकाशी पट्टी सारून दाब देऊन पाहावं.

रिसीव्हर स्टॉकमध्ये नीट बसलाय का, हे बोटाने कळतं. रायफल उभी धरायची, एका हाताचं बोट नळी आणि फोरएन्डचं टोक यांच्या सांध्यावर ठेवायचं आणि दुसऱ्या हाताने पुढचा अ‍ॅक्शन स्क्रू सैल करायचा, मग आवळायचा. बोटाखाली नळी लाकडापासून उठल्याची किंवा खाली बसल्याची जाणीव झाली, तर आवळताना रिसीव्हर वाकतोय. दोन वेगळे ग्रुप पडणं, म्हणजे तीन गोळ्या इथे आणि दोन त्याहून दोन इंच बाजूला, ही पुष्कळदा याचीच खूण. रिसीव्हरला बसायला दोन जागा मिळतात आणि धक्क्यागणिक तो कधी एका, कधी दुसऱ्या जागी बसतो. सैल स्कोपही हेच करतो, म्हणून स्क्रू आधी.

उपाय इपॉक्सी बेडिंगचा. रिकॉइल लगच्या मागे आणि मागच्या टँगखाली, म्हणजे रिसीव्हरच्या शेपटीखाली, लाकूड थोडं कोरायचं, इपॉक्सी भरायचं आणि रिसीव्हर त्यात सहज, कुठलाही ताण न देता बसवून चोवीस तास सोडून द्यायचा. लगच्या पुढे, खाली आणि दोन्ही बाजूंना टेप लावतात, म्हणजे नंतर तिथे किंचित फट राहते आणि फक्त मागचा चेहरा घट्ट टेकतो. धक्का तोच पेलतो. लोखंडाच्या प्रत्येक कणाला इपॉक्सी चिकटू न देणारं रिलीज एजंट किंवा मेण लागलं पाहिजे, स्क्रूच्या आट्यांनासुद्धा, आणि रिसीव्हरची भोकं-खाचा मूर्तिकामाच्या मातीने बुजवल्या पाहिजेत. एक खाच विसरली तरी इपॉक्सी तिच्यात शिरून कुलूप लागतं, आणि मग स्टॉक फोडल्याशिवाय रिसीव्हर सुटत नाही. ज्याला हाताची खात्री नाही, त्याने हे काम गनस्मिथकडे द्यावं.

स्कोपही बिघडतो. टरेट फिरवून चौकोन करून पाहावा: एका जागी गोळी, मग बारा क्लिक वर, बारा उजवीकडे, बारा खाली, बारा डावीकडे, प्रत्येक कोपऱ्यावर गोळी. पाव मिनिटाच्या क्लिकने शंभर यार्डांवर तीन इंचांचा चौकोन उमटायला हवा आणि शेवटची गोळी पहिलीजवळ यायला हवी. पॅरॅलॅक्सही पाहावा, म्हणजे डोळा हलला की क्रॉसहेअर, नेम धरायची फुली, लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसते तो दोष. साध्या शिकारी स्कोपमध्ये तो १०० किंवा १५० यार्डांवर नाहीसा होईल अशी रचना बहुधा कायमची केलेली असते. रायफल पिशव्यांवर स्थिर ठेवून डोकं वरखाली केलं आणि क्रॉसहेअर कागदावर सरकली, तर दर वेळी गाल एकाच जागी टेकवणं भाग आहे. सगळ्यांत खात्रीचा उपाय म्हणजे दुसऱ्या चांगल्या रायफलीवरचा स्कोप काढून यावर चढवणं.

नळी साफ करण्याबद्दल दोन टोकाची माणसं भेटतात. काही कधीच करत नाहीत, काही दर पाच गोळ्यांनी करतात. गोळीच्या तांब्याच्या आवरणाचा पातळ थर नळीच्या आतल्या पिळदार चरांत बसत जातो, आणि तो फार जाड झाला की नेम ढासळतो. तांबं विरघळवणारं, अमोनियाच्या वासाचं द्रव लावून दिलेल्या वेळेइतकंच थांबावं आणि पांढरी चिंधी फिरवावी. ती निळी-हिरवी येते तोवर तांबं आहे. इथे एक फसगत होते. चिंधी पितळी जॅगवर, म्हणजे रॉडच्या टोकाच्या चिंधी धरणाऱ्या तुकड्यावर, असेल, तर द्रव जॅगलाच खातो आणि नळी स्वच्छ होऊनही चिंधी निळीच येत राहते. जॅग प्लास्टिकचा किंवा निकेलचा मुलामा दिलेला घ्यावा. रॉड नेहमी चेंबरकडून, म्हणजे काडतूस बसतं त्या मागच्या बाजूने, बोअर गाइड या रॉड सरळ ठेवणाऱ्या नळकांड्यातून घालावा. तोंडाकडून घातलेला रॉड नळीच्या कडेला घासतो, आणि नेमकी तीच कडा गोळीला शेवटचा स्पर्श करते. या कडेला, क्राउनला, एका बाजूला खरचटलं असेल तर मागचा वायू तिथून आधी निसटतो आणि गोळीला बाजूला ढकलतो. कापसाची काडी आतून बाहेर कडेवरून फिरवली की जिथे धागा अडकतो, तिथे ओरखडा. गनस्मिथ लेथवर नवा क्राउन काढून देतो, काम लहान आणि फरक पुष्कळदा मोठा. स्वच्छ केलेल्या नळीच्या पहिल्या दोन-तीन गोळ्या मात्र हिशोबात धरू नयेत. शिकारीला निघताना नळी चकचकीत साफ नसलेलीच बरी.

आणि काडतुसं. एकाच रायफलीत १५० ग्रेन वजनाची एका कंपनीची गोळी एक इंचात आणि दुसऱ्या कंपनीची तीन इंचांत जाणं अगदी सामान्य आहे. नळीतल्या चरांच्या पिळाला विशिष्ट लांबीपर्यंतची गोळीच स्थिर ठेवता येते. याचा इतिहासातला ठळक दाखला १९५५ सालचा. त्या वर्षी विंचेस्टरने .२४३ आणि रेमिंग्टनने .२४४ ही दोन सख्ख्या भावंडांसारखी काडतुसं आणली. .२४३ च्या नळीला दहा इंचांत एक फेरा होता, .२४४ ला बारा इंचांत. हरणांसाठी लोकांना १०० ग्रेनची गोळी हवी होती, आणि बारा इंचांचा पीळ तिला खात्रीने सांभाळू शकत नव्हता. .२४४ मागे पडलं. रेमिंग्टनने पीळ नऊ इंचांवर आणला, १९६३ मध्ये ६ मिमी रेमिंग्टन असं नवं नावही दिलं, तरी .२४३ ने घेतलेली आघाडी राहिली. कागदावरची भोकं गोल न पडता लांबट पडत असतील, तर गोळी आडवी होतेय. पिळाला न मानवणारी जड गोळी हे त्याचं नेहमीचं कारण, म्हणून पुढची पेटी हलक्या गोळीची घ्यावी.

एकाच ब्रँडच्या दोन लॉटांतही फरक पडतो, हे आपल्याकडे ऑलिंपिक नेमबाजांना पक्कं ठाऊक आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या ५० मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवलं, त्यातलं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. तिथली .२२ ची रायफलही बोल्टचीच. त्या पातळीवर नळी शिकंज्यात धरून एकेका लॉटच्या गोळ्या झाडून पाहतात, जो लॉट त्या नळीला मानवतो तोच साठवतात. शिकाऱ्याला इतकं करायची गरज नाही, पण तीन-चार वेगवेगळ्या पेट्या आणून पाच-पाच गोळ्या झाडून पाहणं आणि आवडलेल्या लॉटच्या दोन-तीन पेट्या जास्त घेऊन ठेवणं, एवढं जमण्यासारखं आहे.

‘नळी संपली’ हा निष्कर्ष शेवटचा. वर्षाला चाळीस गोळ्या झाडणाऱ्याच्या हातात .३०८ ची नळी झिजून संपत नाही, तिला हजारो गोळ्या लागतात. मोठ्या मॅग्नम काडतुसांची नळी लवकर भाजते, तिथे बोअरस्कोपने, म्हणजे नळीत घालायच्या दुर्बिणीने, घसा, चर सुरू होतात तो भाग, पाहून घ्यावा.

ग्रुप पुन्हा जमला, टरेट फिरवून मध्यावर आणला, तरी काम थोडं उरतं. रानात पहिली गोळी गार नळीतून सुटते, रेंजवरच्या पाचव्या गोळीसारखी तापलेल्या नळीतून नाही. म्हणून एकच कागद तीन वेगवेगळ्या दिवशी रेंजवर न्यावा. प्रत्येक दिवशी गार नळीतून एकच गोळी, रानात बसतो तसं बसून, आणि भोकाशेजारी तारीख. स्क्रूंच्या डोक्यांवर रंगाच्या पेनाने रेघ ओढून ठेवावी, म्हणजे एखादा फिरला तर लगेच दिसतं. तिन्ही भोकं दोन-अडीच इंचांत आली की टरेटची टोपणं लावायची, आणि तो कागद रायफलीच्या पेटीत घडी करून ठेवायचा.